आपली नोंद आपल्या हाताने

आमच्या इमारतीत एका घरातून दुसऱ्या घरात काही द्यायचे झाले, मग ती वाटीभर खिचडी असो की चुकून शेजारी आलेले टपाल असो, वत्सलाताई साळवे ती वस्तू पुढे करीत, पण हातातून सोडीत नसत. घेणाऱ्याने तोंडाने "मिळालं" म्हणेपर्यंत तिचे एक टोक त्यांच्या बोटांत असे. आम्ही उल्हास नदीकाठच्या मांजर्लीत नवे राहावयास आलो तेव्हा माझ्या पत्नीला ही रीत ठाऊक नव्हती. ती नुसती हसली, आणि दोघी दारात एकच वाटी धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं, ताई?"

"तुम्ही मिळालं म्हणा. म्हणजे माझ्याकडून सुटलं."

"अहो, वाटी माझ्या हातात दिसतेय ना!"

"अर्धी माझ्या हातात आहे, वहिनी."

मी व्यवसायाने अर्जलेखक आहे. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजाराच्या तोंडाशी माझे टेबल व टंकलेखन यंत्र आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या मसुद्यातील एक शब्द इकडचा तिकडे करण्याचे धाडस आजवर कोणा वकिलाने केलेले नाही. समोर बसलेला मनुष्य खरे किती सांगतो आणि झाकतो किती, हे मला त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कळते. वत्सलाताईंच्या बाबतीत मात्र झाकलेले असे काही सापडले नाही. सबब पुढील मजकूर मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

त्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात भांडार सांभाळीत. तेथे सर्व त्यांना साळवे मॅडम म्हणत. अंगाने किरकोळ, परंतु आवाज असा की लेथ यंत्र चालू असतानाही पलीकडच्या माणसास आपले नाव स्पष्ट ऐकू यावे. साडीला कडक इस्त्री असे. डबा त्या उभ्यानेच खात, कारण बसले की कोणीतरी "आता जेवणाची वेळ आहे" म्हणून काम टाळतो, असे त्यांचे मत होते. गोड बोलणे त्यांना जमत नसे. कोणी चांगले काम केले तर "बरोबर आहे" एवढेच म्हणत, आणि ते दोन शब्द ऐकण्यासाठी माणसे दिवस दिवस खपत.

"आपण बघू", "आम्ही करतो" अशा शब्दांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. एका पावसाळ्यात उल्हास नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. तेथे शिर्के नावाचे वृद्ध गृहस्थ एकटे राहत. जिन्यावर सारी बिऱ्हाडे जमली होती, मी घरी आणलेले टंकलेखन यंत्र कवटाळून उभा होतो आणि "आजोबांना वर आणलं पाहिजे" असे प्रत्येकजण दुसऱ्यास सांगत होता. वत्सलाताई वरून आल्या.

"आजोबांना कोण आणणार?"

"आम्ही आणतोय ना, ताई."

"आम्ही म्हणजे कोण? नाव सांगा."

शेजारचा तरुण गणेश कठड्याला रेलून पाहत होता. पाणी एक पायरी चढले.

"गणेश, नाव तुझं. खाली जा. दळवीभाऊ, दुसरं नाव तुमचं. टाइपरायटर ठेवा बाजूला, तो पोहत नाही."

मी गेलो. आजोबा वर आले. वत्सलाताई त्यांच्या अंगावर कोरडी चादर टाकून म्हणाल्या, "बरोबर आहे."

त्यांच्या कारखान्यात संगणकाची नवी पद्धत आली, ती त्यानंतरची गोष्ट. सर्वजण तिला नुसते 'सिस्टिम' म्हणत. कच्चा माल भांडारातून निघाला, यंत्रावर चढला, तपासला गेला, बांधून रवाना झाला, की प्रत्येक टप्प्यावर ज्याने काम केले त्याने स्वतःचे सांकेतिक शब्द, म्हणजे पासवर्ड, घालून पडद्यावर नोंद करावयाची. पूर्वी सुपरवायझर सांगेल तेच खरे मानले जाई. आता कोणी किती काम केले याचा हिशेब साहेबांना आपल्या खुर्चीवरून दिसणार होता. माझ्या टेबलाशी येणारे कामगार या प्रकाराला शिव्या घालीत. वत्सलाताईंचे मत नेमके उलट होते.

"दळवीभाऊ, इतकी वर्षं मी भांडारात आहे. बेअरिंग संपत आलीत, मागवा, असं मी तोंडाने सांगायचे. लाइन बंद पडली की सुपरवायझर वर सांगायचा, साळवे बाई बोलल्याच नाहीत. आणि त्याचं खरं व्हायचं. का, ते तुम्हाला सांगायला नको." त्यांच्या वडिलांच्या पिढीने बौद्ध धम्म स्वीकारला होता, कारखान्यात ती गोष्ट मोठ्याने कोणी बोलत नसे आणि विसरतही नसे. "आता मी सांगितलेलं माझ्या नावावर राहतं. वेळेसकट. या सिस्टिमला आडनाव वाचता येतं, पण त्याचा अर्थ लावता येत नाही. असा सहकारी मला पहिल्यांदाच मिळाला."

हे त्यांनी हसत सांगितले नाही. त्यांच्या कामातही तो फरक पडला. पूर्वी अर्धा दिवस त्या आपण काय बोललो होतो हे शाबीत करण्यात घालवीत, तो वाचला. माल अडण्याचे प्रसंग इतके कमी झाले की कारखान्याचे प्रमुख मेनन साहेब त्यांना स्टोअर ऑफिसर करणार, काचेची केबिन देणार, ही वार्ता पक्की समजली जात होती. त्या कारखान्यात भांडारातून कोणी बाई कधी ऑफिसर झालेली नव्हती. इतरांना सिस्टिम शिकविण्याची जबाबदारीही साहेबांनी त्यांच्यावरच सोपविली. थंड हवेच्या खोलीत दोन दिवस वर्ग झाले. वयस्क फिटर मागच्या बाकांवर बसले, माना डोलावल्या, चहा प्याले. सर्वांचे शिक्षण पूर्ण झाल्याची सही वत्सलाताईंनी केली.

त्या मागच्या बाकांवरील एक म्हणजे पांडुरंग भोईर. गाव अंबरनाथच्या पलीकडे, घरी थोडी शेती, आणि बैलांच्या शर्यतीचा नाद. पंपाचा आवाज ऐकून तो कोठे घासतो आहे हे सांगणारा जुना फिटर. पण कळफलकासमोर त्याचा हात नांगर धरल्यासारखा ताठ होई. त्याच्या मदतीला जितू धावला. जितू उल्हासनगरचा सिंधी तरुण, तपासणी विभागात होता. त्याची बोटे कळफलकावर पाण्यासारखी चालत आणि जीभ त्याहून वेगाने.

"काका, आप क्यूं तकलीफ करते हो? बोलो, कितना हुआ? मैं डालता है ना."

"दोन केसिंग जालं, जितू. नि एक शाफ्ट."

"हो गया. जाओ, घर जाओ, बैल राह देखता है."

पाळी सुटताना सारे वयस्क फिटर जितूच्या खुर्चीभोवती जमू लागले. तोंडाने सांगत, तो टाइप करी. प्रत्येकाचे सांकेतिक शब्द वेगळे घालण्यास वेळ लागे, म्हणून तो सर्वांचे काम स्वतःच्याच नावाने नोंदवी. यात कोणास काही वावगे वाटले नाही. आमच्या भागातील कारखान्यांत ही जुनी चाल आहे: ज्याला लिहिता येते त्याने दहाजणांच्या रजेच्या चिठ्ठ्या खरडाव्यात, ज्याला हिंदी येते त्याने साहेबाशी बोलावे. त्या बदल्यात भोईर घरून सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी आणी, आणि जितू ती सर्वांदेखत मिटक्या मारीत खाई.

पुढे वरिष्ठांनी सिस्टिममधून कामाचा अहवाल काढला. त्यानुसार संपूर्ण कारखान्यात सर्वांत कार्यक्षम कामगार जितू ठरला. त्याचे छायाचित्र सूचना फलकावर लागले. भोईर आणि त्याच्या जोडीच्या माणसांच्या नावापुढे काम म्हणून काहीच नव्हते. ती माणसे अतिरिक्त ठरविण्यात आली आणि महिनाअखेर त्यांना कमी करण्याचा विचार असल्याचे तोंडी सांगण्यात आले.

ते सर्व माझ्या टेबलाशी आले. मी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि एक अर्ज तयार केला. 'निर्जीव यंत्राने सजीव श्रमिकांच्या मुखातील घास हिरावून घेण्याचे योजिले असून' अशी त्याची सुरुवात होती. वाचताना भोईरच्या डोळ्यांत पाणी आले. तथापि भांडाराच्या प्रमुख म्हणून साळवे मॅडमची सही असल्यास अर्जास वजन येईल असा विचार निघाला, आणि रविवारी सकाळी आम्ही सारे त्यांच्या घरी गेलो. जितूही मागोमाग आला, मान खाली घालून.

वत्सलाताईंनी अर्ज उभ्यानेच वाचला.

"भाषा छान आहे, दळवीभाऊ."

"आभारी आहे."

"पण हे खोटं आहे." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "यंत्राने कुणाचा घास हिरावला नाही. भोईर, तुमचं काम जितूने केलं असं यंत्राला कुणी सांगितलं?"

"जितूनंच, बाय. पन त्यानं मदत केली."

"अदी, मैं तो सबका बोझ हल्का कर रहा था," जितू म्हणाला. सिंधीत मोठ्या बहिणीस अदी म्हणतात. "मेरे को क्या मालूम, ये लोग जीरो हो जाएगा?"

"खरं सांगितलं तर?" मी विचारले. "नोंदी जितूने केल्या, काम यांनी केले, एवढेच निवेदन करावे."

"नियम वाचलाय का? दुसऱ्याचं काम आपल्या नावावर चढवलं तर नोकरीवरून काढतात. ह्याने त्यावर सही केली आहे. ह्याचे वडील अंथरुणावर आहेत, कमावणारा हा एकटा. मग काय करायचं, भोईर? तुमची नोकरी ठेवायची की ह्याची?"

भोईर जितूकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माजी जावंदे बाय. मना शेती हाय. पोराला काय हाय?"

बाकीच्यांपैकी कोणास तसे म्हणवले नाही, आणि त्यांना दोषही देता येत नव्हता. वत्सलाताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"उद्या साहेबांशी बोलते," त्या म्हणाल्या. "अर्ज ठेवा इथे. नाही, घेऊन जा. उगाच माझ्याकडून सुटायचा राहील."

साहेबांच्या खोलीत काय झाले, ते त्यांनी मला पुढे एकदाच सांगितले. मेनन साहेब मनुष्य वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावरही वरचे बसले होते. वत्सलाताई त्यास म्हणाल्या, की अहवाल चुकीचा आहे, माणसे काम करतात, त्यांना नोंद करता येत नाही. साहेबाने कागद पुढे केला.

"मॅडम, ट्रेनिंग कम्प्लीट, ये आपका साइन है."

"हां. मैंने साइन किया. वो लोग सीखे नहीं थे. वर्ग में बैठे थे, इसलिए मैंने सीखा लिख दिया."

"मतलब गलती किसकी?"

"मेरी."

"और उनका एंट्री किसने डाला?"

"सिखाने का काम मेरे नाम पर था, साहेब. उसके आगे जो हुआ, इसलिए हुआ."

साहेबाने सहीचा कागद घडी करून बाजूला ठेवला. त्याला जितूचे प्रकरण कळले नसेल, असे मला वाटत नाही. तो एवढेच म्हणाला, "आपका प्रमोशन का पेपर मेरे टेबल पर है. ये लिख के दोगी तो वो आगे नहीं जाएगा. सोच लो."

"कागद पर नहीं लिखूंगी," वत्सलाताई म्हणाल्या. "सिस्टिम में डालूंगी."

आणि त्याच खोलीतील संगणकावर, स्वतःचे सांकेतिक शब्द घालून, त्यांनी नोंद केली: फिटर विभागाचे शिक्षण अपूर्ण, कारण शिकविणाऱ्याची चूक, नाव वत्सला साळवे. साहेबाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर ज्याच्या नावावर काम दिसेल तो राहील. जितूने दुसऱ्याच्या नोंदीस हात लावावयाचा नाही, आणि मागील गोष्ट उकरली जाणार नाही.

मग वत्सलाताईंच्या बुद्धविहाराच्या सभागृहात रविवारी वंदना आटोपल्यावर फिटरांचे वर्ग सुरू झाले. संगणक नव्हता. वत्सलाताईंनी सतरंजीवर सर्वांना ओळीने बसविले: पहिला भांडार, दुसरा लेथ, तिसरा जोडणी, चौथा तपासणी. घरचा स्टीलचा तांब्या आणला. हा पंप. तो एकाने दुसऱ्याकडे द्यायचा. पण देण्यापूर्वी आपले नाव, काय मिळाले आणि आपण काय केले, हे मोठ्याने बोलायचे. मी भिंतीशी खुर्ची टाकून बसलो होतो.

भोईरने तांब्या घेतला, फिरवून पाहिला आणि न बोलता पुढच्यास दिला. वत्सलाताईंनी तो मधूनच उचलला.

"तांब्या कुठे आहे?"

"तुमच्या हातात."

"त्याच्या आधी?"

"माज्याकडं व्हता."

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय ना, बाय! आंधले हाव का आमी?"

"मला दिसतंय. मेनन साहेब चेंबूरला घरी बसलाय, त्याला दिसतंय? मालकाला दिसतंय? तुम्ही तोंड उघडलं नाही तर तांब्या लेथवरून उडून तपासणीत गेला. मग तुम्ही कशाला हवे?"

सभागृहात हशा पिकला. भोईर तांबडा झाला. त्याने तांब्या परत घेतला, छातीशी धरला आणि शर्यतीत बैलांना हाक देतात तशा आवाजात ओरडला, "पांडुरंग भोईर! केसिंग मिललं! भोक पाडला! पुढं देतंय!"

"बरोबर आहे," वत्सलाताई म्हणाल्या. बाहेर चपला काढणारी माणसे आत डोकावून गेली.

सांकेतिक शब्दांवरून तर दुसऱ्याच रविवारी गोंधळ झाला. सोपा, आपल्या लक्षात राहील असा नवा शब्द घ्या, असे त्यांनी सांगितले होते. भोईर आत येतानाच म्हणाला, "बाय, मी घेतला. सोन्या! माज्या बैलाचा नाव."

"झालं! आता सगळ्यांना कळला. बदला."

"का?"

"तो कुणाला सांगायचा नसतो."

"बायकोला पन नाय?"

"बायकोला तर नाहीच."

"आता इतक्या वर्सांनी बायकोपासून लपवाया शिकू का मी?" भोईर म्हणाला, आणि वत्सलाताई हसल्या. त्या मोठ्याने हसतात तेव्हा तोंडावर पदर घेतात, हे मला त्या दिवशी कळले.

महिनाअखेर नावे पडद्यावर दिसू लागली. भोईरचे काम कोणाच्या डोळ्यांत भरेल असे नव्हते, परंतु ते त्याच्या नावापुढे होते. नोकरी राहिली. जितूचे छायाचित्र फलकावरून उतरले; त्याने ते स्वतःच काढून वत्सलाताईंना नेऊन दिले. त्यांनी "मिळालं" म्हटले, आणि त्यापुढे कित्येक दिवस त्याच्याशी कामापलीकडे बोलल्या नाहीत. मला ते कठोर वाटले आणि मी तसे सांगितलेही. "तो चांगला आहे म्हणून," त्या म्हणाल्या, "वाईट असता तर बोलले असते."

फिटरांपैकी एकास मात्र जमले नाही. त्याची दृष्टी अधू होती, अक्षरे दिसत नसत, आणि ते त्याने अखेरपर्यंत कोणास सांगितले नाही. तो राजीनामा देऊन गावी गेला. त्याचा विषय निघाला की वत्सलाताई उठून कामाला लागत. एकदाच म्हणाल्या, "मी शब्द मोठ्याने बोलायला शिकवले. डोळ्यांचं विचारलंच नाही."

स्टोअर ऑफिसरच्या जागी दुसऱ्या शाखेतून एक तरुण अभियंता आला. काचेची केबिन त्यास मिळाली. वत्सलाताईंनी पहिल्या दिवसापासून त्यास साहेब म्हटले, आणि भांडाराची प्रत्येक गोष्ट, कोणती मांडणी पावसात गळते इथपासून, सांगितली. माझ्याने राहवेना. मी त्यांच्यासाठी एक निवेदन तयार करण्याचे सुचविले. त्यांच्या सेवेचा गौरव, झालेला अन्याय, सर्व काही मुद्देसूद. मोबदला घेणार नव्हतो.

"काय लिहाल?"

"आपण इतरांसाठी दोष अंगावर घेतला, हे."

"अंगावर नाही घेतला, भाऊ. माझाच होता. माझ्या नावावर जे आहे ते बरोबर आहे." मग त्या म्हणाल्या, "केबिन हवी होती मला. ते खोटं नाही सांगणार. माझ्या बाबांना दाखवायची होती."

मी निवेदन लिहिले नाही. असा एकच मसुदा माझ्या मनात पूर्ण झाला आणि कागदावर उतरला नाही.

पुढे त्या निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला गेल्या. जाण्यापूर्वीचा त्यांचा जो अखेरचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे तो घरचा नव्हे. निरोपाच्या वेळी इमारतीत बरीच गर्दी होती, भाषण मीच केले, पण ते मला आता आठवत नाही. त्याच्या थोडे आधी सोसायटीच्या एका ठरावावर त्यांची तातडीने सही हवी होती, म्हणून मी कारखान्यात गेलो होतो. पाळी सुटण्याची वेळ होती. दरवानाने मला भांडाराच्या खिडकीशी उभे केले.

आत संगणकासमोर भोईर बसला होता. एका बोटाने दोन अक्षरे दाबली जातात म्हणून हातात शिसपेन्सिल उलटी धरून तिच्या टोकाने तो एकेक कळ शोधीत होता. मागे माणसांची रांग. त्यात जितू होता, आणि शेवटी तो नवा तरुण ऑफिसरही होता. त्यालाही काही नोंद करावयाची असावी. भोईरने काहीतरी चुकीचे दाबले. पडदा पुसला गेला. तो पुन्हा पहिल्या अक्षरापासून लागला.

"काका, सरका ना, मी टाकतो पटकन," रांगेतून कोणी म्हणाले.

"गाडी जाईल रे, भोईर!"

जितूने दोन्ही हात काखेत घट्ट धरले होते. वत्सलाताई भोईरच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांना ती नोंद क्षणात करता आली असती. त्यांचे हात पाठीमागे होते, आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट इतके आवळले होते की बोटांची पेरे पांढरी पडली होती.

"थांबा," त्या रांगेकडे न पाहता म्हणाल्या. "त्यांचं चाललंय."

रांग थांबली. ऑफिसरही थांबला. पेन्सिल एक कळ, मग दुसरी कळ अशी फिरत राहिली. अखेर भोईरने मोठी कळ दाबली, पडद्यावर काही उमटले, आणि तो खुर्ची मागे सारून उठला. त्याने वत्सलाताईंकडे पाहिले. त्यांनी पडदा वाचला, मनगट सोडले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा कोण?"